सांगाडा आणि साज : घरी बांधलेल्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या प्रतिकृतींचा प्रश्न

फेरारी, लँबोर्गिनी यांसारख्या मोजक्या संख्येने बनणाऱ्या आणि कोट्यवधी रुपयांना विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट्‌स गाड्यांचे रूप एखाद्या साध्या गाडीच्या सांगाड्यावर, कारखान्याबाहेर, स्वतःच्या अंगणात किंवा गल्लीतल्या गॅरेजमध्ये उभे करण्याची हौस पाश्चात्त्य देशांत काही दशके जुनी आहे. भारतात ती उशिरा आली, पण आता तिने चांगलेच मूळ धरले आहे. अशा गाड्यांविषयी वाहनशौकिनांचे एकमत होत नाही. एकाच गाडीला कोणी कारागिरीचा नमुना म्हणतो, कोणी तिला मूळ गाडीचा अपमान ठरवतो, तर कोणी ती रस्त्यावर येणे हाच गुन्हा मानतो. रूपावर हक्क कोणाचा, कारागिरी कशाला म्हणावे आणि गाडी माणसांना घेऊन धावण्याइतकी भक्कम आहे का, हे तीन निराळे प्रश्न एकाच दमात विचारले जातात, म्हणून हा वाद वर्षानुवर्षे जिथल्या तिथे राहतो.

या प्रश्नाचा विचार नाशिकच्या अंगाने करण्यास सबळ कारण आहे. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत महिंद्राच्या मोटारी, बॉशची (जुने नाशिककर अजूनही तिला मायकोच म्हणतात) डिझेल इंजिनांना इंधन पुरवणारी उपकरणे आणि सिएटचे टायर बनत आले आहेत. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६०च्या दशकापासून उभा आहे. आणि या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लेथ, पत्राकाम, साचेकाम, वेल्डिंग व फायबरची कामे करणाऱ्या लहान वर्कशॉपांचे जाळे सिन्नर-गोंद्यापर्यंत पसरले आहे. घरी गाडी बांधण्यासाठी लागणारे जवळजवळ प्रत्येक कौशल्य या पट्ट्यात उपलब्ध आहे. शिवाय नक्कल आणि अस्सल यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी, या प्रश्नाने अलीकडच्या काळात ज्या दोन गाड्यांच्या निमित्ताने जाहीर रूप घेतले, त्या दोघींचाही नाशिकशी संबंध येतो. त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. प्रतिकृती म्हणजे एखाद्या विशिष्ट गाडीचे बाह्य रूप शक्य तितके हुबेहूब उतरवलेली दुसरी गाडी. किट कार म्हणजे कारखान्याने सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकलेली आणि ग्राहकाने स्वतः जोडलेली गाडी; १९५७ साली आलेली ब्रिटिश लोटस सेव्हन हे तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. ज्या चालू गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, चाके किंवा संपूर्ण सांगाडा काढून प्रतिकृतीत वापरला जातो, तिला शौकिनांच्या बोलीत डोनर गाडी म्हणतात. भारतात ही भूमिका बहुधा जुन्या मारुती स्विफ्टकडे किंवा होंडाच्या सेडान गाडीकडे येते. आसाममधील तेव्हाच्या करीमगंज जिल्ह्यातील एका मेकॅनिकने स्विफ्टवर लँबोर्गिनीचे रूप चढवले आणि तशी एक गाडी २०२२ साली तेथील मुख्यमंत्र्यांना भेट दिली, तेव्हा हा प्रकार देशभर पोहोचला.

बाहेरचे कवच सामान्यतः फायबरचे असते. आधी फोम, प्लास्टर आणि लांबी यांच्या साहाय्याने पूर्ण आकाराचे प्रारूप घडवले जाते, ते घासून-पुसून आरशासारखे गुळगुळीत केले जाते, त्यावरून साचा काढला जातो, आणि त्या साच्यात काचतंतूंच्या चटया राळेत भिजवून थरावर थर दिले जातात. प्रारूपातला एक मिलिमीटरचा उंचवटाही रंग दिल्यावर उन्हात लाटेसारखा दिसतो, म्हणून या कामात सर्वाधिक वेळ घासण्यात जातो. जाणकार प्रेक्षक प्रतिकृतीजवळ गेल्यावर चिन्ह किंवा चाके पाहत नाही. तो दरवाजा आणि पाखा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहतो, कारण ती फट सारखी राखणे मोठ्या कारखान्यांनाही सोपे जात नाही.

मात्र कवच कितीही नीट जमले तरी प्रमाण चुकले की सगळे चुकते, आणि प्रमाणाचा संबंध खालच्या सांगाड्याशी असतो. मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखलेली आणि १९७१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेली लँबोर्गिनी काउंटाश घेतली, तर तिच्या सुरुवातीच्या विक्रीतील आवृत्तीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या अक्षांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, २४५० मिलिमीटर होता. भारतात २०१८ साली आलेल्या स्विफ्टचा व्हीलबेसही नेमका तेवढाच आहे. हा योगायोग पाहून काम सोपे असल्याचा भ्रम होऊ शकतो. परंतु काउंटाशची उंची सुमारे १०७ सेंटिमीटर आणि स्विफ्टची १५३ सेंटिमीटर आहे, काउंटाशचे बारा सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे लांबीच्या दिशेने बसते व तिचा गिअरबॉक्स दोन आसनांच्या मध्ये पुढे आलेला असतो, तर स्विफ्टचे इंजिन पुढच्या चाकांवर आडवे असते. त्यामुळे मूळ गाडीत चालक जवळजवळ आडवा होऊन बसतो आणि काच नाकापासून एकाच रेषेत वर चढते. प्रतिकृतीत मात्र पुढे इंजिन असल्याने नाक फुगते, आसन वर राहिल्याने छत उंचावते आणि गाडी दुरून ओळखीची व जवळून बेढब दिसते. अमेरिकेत याच कारणाने पाँटिॲक फिएरो ही १९८४ ते १९८८ या काळात बनलेली मध्य-इंजिनाची स्वस्त गाडी प्रतिकृतीकारांची आवडती ठरली, आणि काउंटाशसाठी तिचाही सांगाडा ताणून लांब करावा लागत असे. भारतात बनलेल्या मध्य-इंजिनाच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असल्याने येथील कारागीर सुरुवातीलाच एका अडचणीच्या पायरीवर उभा असतो, ही गोष्ट त्याच्या कामाची खिल्ली उडवणाऱ्यांनी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

शौकिनांमधील पहिला गट शुद्धतावाद्यांचा आहे. त्यांच्या मते स्पोर्ट्‌स गाडीचे रूप हे तिच्या यंत्राचा परिणाम असते: मागच्या बाजूच्या रुंद झडपा इंजिनाला हवा मिळावी म्हणून असतात, मागचे टायर रुंद असतात ते सातशे अश्वशक्ती जमिनीवर उतरवण्यासाठी, आणि बसके नाक वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी. ऐंशी अश्वशक्तीच्या गाडीवर त्याच झडपा निव्वळ देखाव्यापुरत्या उरतात. हा युक्तिवाद सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे. मात्र त्यातून प्रतिकृती बांधूच नये असा निष्कर्ष निघत नाही, कारण नक्कल ही शिकण्याची सर्वांत जुनी रीत आहे. नाशिक जिल्ह्यातीलच मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या वस्तीतल्या तरुणांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ बनवला. गाजलेल्या हिंदी चित्रपटाची ती अत्यल्प खर्चातली नक्कल होती, आणि तरीही त्या नकलेतून मालेगावची स्वतःची अशी चित्रपटांची परंपरा उभी राहिली, जिची कहाणी २००८ सालच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने जगापुढे मांडली. त्या चित्रपटांनी आपण मूळ चित्रपट असल्याचा दावा कधी केला नाही. नावातच गावाचे नाव होते. प्रतिकृतीच्या गाडीकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवणे रास्त होय.

दुसरा गट कारागिरीला मान देणाऱ्यांचा आहे आणि तो बहुधा स्वतः हात काळे करणाऱ्यांचा असतो. त्यांच्या दृष्टीने विकत आणलेले कवच जुन्या गाडीवर चढवून त्यावर लँबोर्गिनीचे बैलाचे चिन्ह लावणारा आणि स्वतः नळ्या वाकवून स्पेस फ्रेम, म्हणजे नळ्यांच्या त्रिकोणी जोडणीने भार पेलणारा सांगाडा, उभारणारा, हे दोघे एकाच तराजूत बसत नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या मुलासोबत लँबोर्गिनी ॲव्हेंटाडोरच्या धर्तीवरच्या गाडीचे भाग त्रिमितीय मुद्रणाने घडवले, तेव्हा २०१९ साली खुद्द लँबोर्गिनी कंपनीने काही दिवस वापरण्यासाठी त्याच्या घरी खरी ॲव्हेंटाडोर पाठवली. त्याच वर्षी ब्राझीलमधील इताजाई येथे फेरारी व लँबोर्गिनीच्या बनावट गाड्या विक्रीसाठी बनवणारे वर्कशॉप पोलिसांनी बंद केले. या दोन घटना शेजारी ठेवल्या की कंपन्यांना नेमके काय खुपते ते स्पष्ट होते: शिकण्यासाठी घरात बांधलेली एक गाडी त्यांना चालते, मात्र त्यांच्या नावाने मांडलेला बाजार त्या चालू देत नाहीत.

रूपाच्या मालकीबाबत सर्वाधिक उद्धृत होणारा निवाडा अमेरिकेतील एका केंद्रीय अपील न्यायालयाने १९९१ साली फेरारी विरुद्ध रॉबर्ट्‌स या खटल्यात दिला. रॉबर्ट्‌स यांचा व्यवसाय फेरारीच्या डेटोना स्पायडर आणि टेस्टारोसा या गाड्यांसारखी फायबरची कवचे विकण्याचा होता, आणि आपण ग्राहकाला ही नक्कल असल्याचे स्पष्ट सांगतो, मग फसवणूक कोणाची, असा त्यांचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळताना विक्रीनंतरच्या संभ्रमाचे तत्त्व मानले: विकत घेणारा फसत नसला तरी रस्त्यावरून ती गाडी जाताना पाहणारा फसतो, आणि त्या पाहणाऱ्याच्या मनातील मूळ गाडीची दुर्मिळता कमी होते. त्याआधी ‘मायामी व्हाइस’ या दूरचित्रवाणी मालिकेत नायकाची डेटोना ही प्रत्यक्षात कॉर्व्हेटच्या सांगाड्यावरची प्रतिकृती होती, आणि त्यावरून झालेल्या वादानंतर फेरारीने मालिकेला खऱ्या टेस्टारोसा पुरवल्या. याउलट कोब्रा या १९६०च्या दशकातील गाडीच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्‌सच्या न्यायालयाने २००२ साली प्रतिकृतीकारांच्या बाजूने कौल दिला, कारण तिचे रूप इतक्या जणांनी इतकी वर्षे बनवले होते की ते एकाच उत्पादकाची ओळख म्हणून उरले नव्हते.

येथे नाशिकशी संबंधित पहिली गाडी येते. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस कंपनीच्या परवान्याने भारतात जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्याच वंशातली थार आज नाशिकच्या कारखान्यात बनते. कंपनीने त्याच धाटणीची रॉक्सॉर ही रस्त्याबाहेर चालवायची गाडी २०१८ साली अमेरिकेत आणली, तेव्हा फिआट क्रायस्लरने ती जीपच्या रूपाची नक्कल असल्याची तक्रार अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. जून २०२० मध्ये आयोगाने तक्रार मान्य करून रॉक्सॉरवर बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बदललेल्या रूपातल्या रॉक्सॉरला मोकळीक दिली. सत्तर वर्षे कायदेशीर परवान्याच्या वारशाने आलेले रूपसुद्धा दुसऱ्या देशात नक्कल ठरू शकते, तर गॅरेजमधल्या एकट्या कारागिराला कायद्याच्या भाषेत चोर म्हणताना किती जपून बोलले पाहिजे, हे या प्रकरणातून उघड होते.

भारतीय कायदा या बाबतीत वाटतो त्यापेक्षा सौम्य आहे. व्यापारचिन्ह कायदा १९९९ नुसार वस्तूचा आकारसुद्धा चिन्ह ठरू शकतो, परंतु त्याचे उल्लंघन व्यापाराच्या ओघात व्हावे लागते. डिझाइन कायदा २००० नुसार नोंदवलेल्या आकाराला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते. म्हणजे स्वतःच्या हौसेसाठी पन्नास वर्षांपूर्वीच्या काउंटाशचे रूप घडवणाऱ्याला या कायद्यांची भीती फारशी नाही. खोटे चिन्ह लावून ती विकायला काढली, तर मात्र प्रकरण फौजदारी होते, आणि ते तसेच असले पाहिजे.

खरी अडचण मोटार वाहन कायद्यात आहे. नाशिकशी संबंधित दुसरी गाडी तेथेच भेटते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी एका कारागिराने मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या सुट्या भागांतून, सुमारे ६० हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी लहानशी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची जाहीर दखल घेतली, ती नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील असे नमूद केले, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबाला बोलेरो मिळाली. बोलेरो ही नाशिकच्या कारखान्याची ओळख बनलेली गाडी. या अदलाबदलीचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते योग्यही होते. परंतु एका उद्योगपतीच्या औदार्याने एका कारागिराचा प्रश्न सुटला, त्याच्यासारख्या इतरांसाठी वाट मात्र तयार झाली नाही.

ती वाट का नाही, हे समजण्यासाठी कायद्यातील दोन टोके पाहावी लागतात. जुन्या गाडीवर नवे रूप चढवायचे तर कायद्याचे कलम ५२ आड येते, ज्यानुसार नोंदणी पुस्तकातील, म्हणजे आरसी बुकातील, उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या सुधारणेने आलेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. उलट गाडी पूर्णपणे नव्याने बांधायची म्हटले, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे तिचे प्रारूप पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. याला प्रकार-मान्यता म्हणतात, आणि ती हजारो एकसारख्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. तिचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो, एकट्या गाडीला तो झेपत नाही. विंटेज गाड्यांसाठी २०२१ साली आलेली स्वतंत्र नोंदणीही येथे उपयोगी पडत नाही, कारण ती पन्नास वर्षांहून जुन्या आणि सांगाडा, कवच व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांपुरती आहे. परिणामी पासिंग झालेल्या जुन्या गाडीच्या क्रमांकावर प्रतिकृती लपूनछपून चालते, किंवा लग्नाच्या वरातीपुरती आणि चित्रीकरणापुरती बाहेर निघते.

सुरक्षेचा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे या चर्चेत सर्वांत वजनदार आहे आणि कारागिरीच्या कौतुकात ते झाकले जाऊ नये. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळा सांगाडा, म्हणजे चॅसीस, नसतो. त्यांचे संपूर्ण धातूचे कवच, छताचे खांब धरून, भार वाहते, आणि त्याला मोनोकॉक म्हणतात. छत बसके करण्यासाठी हे खांब कापले की गाडी दिसायला उभी राहते, पण तिचा कणा मोडलेला असतो. त्यावर फायबरचे कवच चढवल्याने ताकद परत येत नाही. पुढचा भाग कापला की टक्कर झाल्यावर ठरावीक रीतीने चुरगळून धक्का शोषणारा पट्टा जातो, एअरबॅगच्या संवेदकांचे गणित बिघडते, आणि वजनाची विभागणी बदलूनही पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण तेच राहिले तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकून गाडी फिरते. कसारा घाटात पावसाळी धुक्यात अशी गाडी उतरवणे म्हणजे केवळ चालकाच्या जिवाचा प्रश्न राहत नाही. त्यातच विमा कंपनीला न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडकतो, आणि भोगावे लागते ते समोरच्या निरपराध माणसाला.

यावर शौकिनांमधील आणखी एका गटाचे उत्तर असे की नक्कल सोडून स्वतःची गाडीच बनवावी. महाराष्ट्र व गोव्यात तसे प्रयत्न झाले आहेत आणि त्यांना मिळायला हवी तेवढी आठवण मिळालेली नाही. सॅन मोटर्सने गोव्यात बनवलेली सॅन स्टॉर्म ही फायबर कवचाची, रेनोच्या १.२ लिटर इंजिनाची दोन आसनी उघडी गाडी होती. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणावर, इसुझूचे १.८ लिटर इंजिन बसवून रोडस्टर बनवली. ती सांगाड्यापासून नव्याने बांधलेली असल्याने प्रतिकृती आणि स्वतंत्र निर्मिती यांच्या मधल्या जागेत बसते, आणि या प्रदेशातल्या साऱ्या प्रयत्नांत ती सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत मांडलेली अवंती ही रेनोच्या २ लिटर टर्बो इंजिनाची मध्य-इंजिन गाडी पुढे पुण्याजवळ तळेगावला बनू लागली. या तिन्ही गाड्या मोठ्या संख्येने विकल्या गेल्या नाहीत, पण त्यांच्यासाठी काम केलेले फायबरचे आणि सांगाड्याचे कारागीर घडले, आणि त्यांपैकी कोणीही एका रात्रीत स्वतंत्र रूप रेखण्याइतके सक्षम झाले नसणार. नक्कल टाळून थेट निर्मितीकडे जा, हा सल्ला शिकण्याच्या मधल्या पायऱ्या गाळून टाकतो.

इतर देशांनी या मधल्या पायरीसाठी जागा ठेवली आहे. ब्रिटनमध्ये एकट्या गाडीला मान्यता देणारी स्वतंत्र तपासणी आहे, जिच्यात ब्रेक, दिवे, सीटबेल्ट, आरसे, धूर, आवाज आणि कवचावरील टोकदार कडा यांची पाहणी होते, आणि जिच्या भागांचे मूळ नीट सांगता येत नाही अशा गाडीला क्यू अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो, जेणेकरून ती गाडी काय आहे हे पाहणाऱ्यालाही कळावे. तेथे मोठे बदल केलेल्या गाडीने जुना क्रमांक राखावा की नाही हे ठरवण्याची जी गुणपद्धती दीर्घकाळ वापरली गेली, तिच्यात सांगाड्याला ५ गुण आणि इंजिनाला केवळ १ गुण होता. गाडीचे अस्तित्व सांगाड्यात असते, ही समज त्या एका तक्त्यात नेमकी उतरली होती. अमेरिकेने २०१५ च्या कायद्याने किमान २५ वर्षे जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती वर्षाला ३२५ पर्यंत बनवण्याची सवलत लहान उत्पादकांना दिली, आणि तिचे नियम २०२१ साली आले.

भारतात अशी सोय करायची तर ती शून्यातून उभारावी लागणार नाही. नाशिकमध्ये वाहनांची यंत्रांच्या साहाय्याने तपासणी करणारे केंद्र आधीपासून आहे, आणि तेथे व्यापारी वाहनांचे ब्रेक, सस्पेन्शन, चाकांची दिशा, दिवे आणि धूर तपासले जातात; हीच यंत्रे घरी बांधलेल्या एकट्या गाडीचेही तेवढे तपशील सांगू शकतात. त्यांना सांगता न येणारी गोष्ट म्हणजे सांगाड्याची ताकद, आणि तिच्यासाठी कापलेले खांब सरसकट नाकारणे, नळ्यांच्या सांगाड्याची जाडी व जोड यांचे किमान निकष ठरवणे आणि वेल्डिंगचे काम कवच चढण्यापूर्वी दाखवणे बंधनकारक करणे, एवढे नियम पुरेसे ठरतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी पिथमपूरच्या बाहा स्पर्धेसाठी बांधत असलेल्या गाड्यांची तपासणी याच रीतीने, उघड्या नळ्यांवर हात फिरवून, होत आली आहे. त्या तपासणीचे निकष रस्त्यासाठी अधिक कडक करून, वेगमर्यादा, वर्षाकाठी किलोमीटरची मर्यादा आणि वेगळ्या अक्षरांचा क्रमांक यांसह अमलात आणले, तर गॅरेजमधल्या कारागिराला आपले काम कवचाखाली लपवण्याऐवजी तपासनिसापुढे उघडे ठेवण्याचे कारण मिळेल.